बोलोन्याऐवजी शेपार्टन, आणि बारा क्रेट टोमॅटो

जायचं होतं बोलोन्याला, गेलो शेपार्टनला.

ज्यांनी दोन्ही गावं पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. बोलोन्या इटलीत आहे आणि तिथे माणसं जेवायला म्हणून जातात. शेपार्टन ऑस्ट्रेलियात, मेलबर्नपासून दोन तासांवर आहे आणि तिथे माणसं फळबागेत कामाला नाहीतर ट्रॅक्टरचे पार्ट आणायला जातात. पहिल्या गावाची तिकिटं काढून दुसऱ्या गावाला पोचायला आम्हाला एक वर्ष लागलं. ते वर्ष कोणतं, हे सांगायची गरज नाही.

लग्नाला दहा वर्षं होणार म्हणून माझ्या नवऱ्याने, निखिलने, बोलोन्याचा वीकएंड आखला होता. निखिल पुण्याचा आणि त्यातून आयटीतला, त्यामुळे एक्सेल शीट होती. तीन दिवस, नऊ जेवणं आणि प्रत्येक जेवणापुढे एक पर्यायी जेवण. मग जग बंद झालं. आधी देशाबाहेर जायला बंदी आली, मग राज्याबाहेर, मग घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर. आम्ही राहतो क्रेगीबर्नला. आमच्या पाच किलोमीटरांत तीन इंडियन ग्रोसरी, एक शॉपिंग सेंटर आणि बाकी सगळं गवत येतं. त्या गवताकडे बघत आम्ही महिनोन्महिने काढले. तेवढ्या काळात निखिल यूट्यूबवर पास्ता करायला शिकला. पोळपाटावर, लाटण्याने, पोळ्यांच्या कणकेचा पास्ता. खाताना पोळीच कापून वाढल्यासारखी वाटायची, पण संसारात सगळंच बोलून चालत नाही, म्हणून मी दोनदा मागून घ्यायचे.

२०२१च्या फेब्रुवारीत जरा मोकळं झालं, तेव्हा एका संध्याकाळी तो लॅपटॉप घेऊनच माझ्यासमोर बसला.

"मेघा, शेपार्टन."

"काय आहे तिथे?"

"इटली."

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतून खूप माणसं त्या भागात फळबागांत कामाला आली आणि राहिली, हे त्याने वाचून काढलं होतं. त्यांच्या पोरांनी डेली, म्हणजे चीज, पाव आणि तयार खाण्याची दुकानं काढली, पिझ्झाची दुकानं काढली, क्लब काढले. शिवाय गावाबाहेर एका इटालियन आजींच्या घरामागची ग्रॅनी फ्लॅट, म्हणजे परसातलं छोटं वेगळं घर, भाड्याने मिळत होती, जेवणासकट. एक्सेल शीटच्या डोक्यावर 'बोलोन्या' होतं ते पुसून त्याने 'शेप' केलं. नऊ जेवणं तशीच ठेवली.

शुक्रवार

क्रेगीबर्नला राहण्याचा एकमेव फायदा म्हणजे ह्यूम हायवे दारातून जातो. सकाळी निघालो आणि सेमूरच्या पेट्रोल पंपावर माझी पाळी आली, तारखेच्या दोन दिवस आधी. हा तपशील प्रवासवर्णनात सहसा कोणी लिहीत नाही. पण पुढे सगळं त्याच्यावरूनच घडलं, तेव्हा लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

शेपार्टनमध्ये शिरल्यावर पहिल्यांदा गाई दिसतात. खऱ्या नाहीत, फायबरच्या, आणि प्रत्येक गाय वेगवेगळ्या चित्रांनी रंगवलेली. चौकाचौकात उभ्या असतात. आपल्याकडे खऱ्या गाई चौकात बसतात आणि त्यांना कोणी रंगवायच्या भानगडीत पडत नाही, म्हणून मला त्या जरा उगाच वाटल्या. निखिलने मात्र चौदा फोटो काढले.

पहिलं जेवण एका डेलीत. काउंटरमागे पन्नाशीची, सोनेरी केसांची, आवाजावरून आख्खा बाजार चालवू शकेल अशी बाई होती. तिने आम्हाला मेन्यू दिलाच नाही. "तिखट खाता?" एवढंच विचारलं. मी सांगलीची आहे. तिखट खाता का असं मला कोणी विचारलं की मला तो थोडा अपमान वाटतो. तिने मोठ्या गोल पावात तेलात मुरवलेली वांगी, चीज आणि लाल मिरचीचा एक लगदा भरून दिला. पहिल्या घासाला माझ्या कानातून वाफ आली आणि वर्षभरात पहिल्यांदा बरं वाटलं. इटालियन जेवण म्हणजे मैदा आणि चीज, मुळमुळीत, असं माझं मत होतं. ते मत त्या पावाबरोबर गिळलं. ही मंडळी कलाब्रियाची, म्हणजे इटलीच्या अगदी दक्षिणेची, आणि तिथे मिरच्यांच्या माळा दारात वाळत घालतात, असं तिने सांगितलं. वांगं हातात घेऊन मी निखिलला म्हटलं, "हे सरळसरळ लोणचं आहे."

दुसरा पाव मागवला आणि तेवढ्यात भिंतीवरच्या टीव्हीवर प्रीमियर, म्हणजे आमच्या राज्याचे मुख्यमंत्री, आले. सगळे टीव्हीकडे वळले. आमच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या माणसांना तो चेहरा आणि ती पत्रकार परिषद वर्षभरात पाठ झाली होती. आज मध्यरात्रीपासून पाच दिवस, अख्ख्या राज्यात, लॉकडाऊन. पुन्हा पाच किलोमीटर, पुन्हा मास्क, घरी पाहुणे नाहीत, हॉटेलात बसून जेवण नाही.

मग अर्धी डेली मैद्याच्या पिशव्यांकडे धावली. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याने फक्त आणखी एक कॉफी मागवली. काउंटरवरच्या बाईने आमच्याकडे बघून खांदे उडवले. "पाच दिवस, लव्ह. खाऊन घ्या."

गाडीत बसल्यावर निखिलने सरकारी वेबसाइट तीनदा वाचली.

"सुट्टीवर असाल तर आहात तिथे थांबता येतं," तो म्हणाला. "पण मेघा, अजून आठ जेवणं होती गं."

"घरी काय आहे?"

त्याने वेबसाइट बंद केली. घरी गवत होतं. आम्ही थांबलो.

शुक्रवार संध्याकाळ, कालव्याकाठी

आजींचं घर गावाबाहेर, कालव्याच्या कडेला, पीचच्या बागांमध्ये. फाटकावर सिमेंटचे दोन सिंह, त्यांतल्या एकाचं नाक गेलेलं. अंगणभर सिमेंट, त्यात एक लिंबाचं झाड आणि गोल फिरणारी कपड्यांची दोरी. अंगणाच्या एका बाजूला पत्र्याची शेड, दुसऱ्या बाजूला पावसाच्या पाण्याची टाकी आणि कोंबड्यांचं खुराडं.

आजींचं नाव कॉन्चेत्ता. "नोना म्हणा," त्या म्हणाल्या. नोना म्हणजे आजी. एकोणऐंशी वर्षांच्या, माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, अंगावर काळे कपडे. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. इंग्रजी साठ वर्षांचं, पण त्यांनी त्याला स्वतःच्या सोयीने वळवून घेतलं होतं. तीन शब्द इंग्रजी, दोन कलाब्रियाचे आणि उरलेलं हाताने. आम्हाला सगळं समजलं.

आत यायला बंदी नव्हती अजून, मध्यरात्रीपर्यंत वेळ होता, पण नोनांनी ताट आमच्या दाराबाहेरच्या टेबलावर ठेवलं आणि स्वतः दूर खुर्ची घेऊन बसल्या. ताटात भजी होती. उचलून बघते तर आत फूल. भोपळ्याच्या फुलांची भजी! माझी आई पावसाळ्यात परसातली फुलं खुडून करायची तीच, फक्त बेसनाच्या जागी मैदा आणि आत खारवलेला छोटा मासा. मी एकामागून एक सात खाल्ली. निखिलने दोनच खाल्ली, कारण तो नोनांना आपला पास्ता समजावून सांगत होता.

"कोणतं पीठ?" नोनांनी विचारलं.

"चपाती फ्लोअर," निखिल अभिमानाने म्हणाला.

"ब्राव्हो," नोना म्हणाल्या. कोणीतरी पहिल्यांदा सायकल चालवून लगेच गटारात पडावं, त्याला म्हणतात तसं.

शनिवार

पाच किलोमीटरांत काय काय आहे हे बघायला सकाळी मास्क लावून निघालो. कालवा, पीच, नाशपाती, पुन्हा कालवा. एक माणूस भेटला, त्याने रस्त्याच्या पलीकडूनच "हाउ या गोइंग" म्हटलं आणि जवळ यायच्या आत बागेत शिरला. माझ्या अंदाजाने आम्ही क्रेगीबर्नचं गवत सोडून जरा महागातलं गवत बघायला आलो होतो. निखिलने शीटमधली एकेक ओळ लाल केली.

परत आलो तेव्हा नोना शेडच्या दारात उभ्या होत्या आणि आत बारा क्रेट टोमॅटो होते. लांबट, गर्द लाल, पिकून फुटायला आलेले. शेडमध्ये त्यांचा गोड, किंचित आंबूस वास कोंडला होता. बाहेर पस्तीस डिग्री होतं.

दर फेब्रुवारीत, नोनांनी सांगितलं, मेलबर्नहून तिन्ही मुलं, सुना, नातवंडं येतात आणि एका दिवसात वर्षाचा सॉस करतात. सगळ्या घरांना पुरेल एवढा. यंदा रविवारी ठरला होता. टोमॅटो शुक्रवारी सकाळी शेतातून आले आणि दुपारी टीव्हीवर प्रीमियर आले.

तेवढ्यात नोनांच्या कमरेचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर कायम चालू असतो. थोरला मुलगा टोनी होता. आम्ही निघून जायला हवं होतं. पण आम्ही टोमॅटो बघायला शेडमध्ये शिरलो होतो, दारात नोना उभ्या होत्या आणि बाजूने वाट नव्हती.

"मा, टोमॅटो टाकून दे," टोनी म्हणाला.

"टाकून?" नोनांचा आवाज असा चढला की एक कोंबडी उडाली.

"मग काय करणार? एकटी करणार आहेस? मा, ऐक. बाबा होते तोवर ठीक होतं. आता हे घर, ही शेड, हे सगळं तुला झेपत नाही. इकडे आमच्या जवळ एक चांगली जागा आहे, मी बोलून ठेवलंय. तूच बघ, साधा सॉस करता येत नाहीये तुला. इस्टरच्या आधी आपण घर विकायचं बोलू."

"सॉस झाला तर?"

टोनी हसला. वाईट हसला नाही, दमलेला माणूस हसतो तसं हसला. "झाला तर मी घराचं नाव काढणार नाही. पण मा, तो होणार नाही."

फोन बंद झाला. 'चांगली जागा' म्हणजे काय ते आम्हाला कळलं होतं. मी हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. आदल्या हिवाळ्यात वृद्धाश्रमांतून स्वॅबचे खोकेच्या खोके आमच्या टेबलावर यायचे आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांतल्या काही नावांचे पुढचे स्वॅब यायचेच नाहीत. त्या जागा सगळ्याच वाईट असतात असं नाही. पण अंगणात उभं राहून कोंबडीला शिव्या देणारी ही बाई तिथे महिनाभरात वाळून जाईल, हे मला त्या क्षणी दिसलं आणि मला रडू आलं. मास्कमुळे कोणाला कळलं नाही.

"नोना," मी म्हटलं, "आम्ही आहोत ना."

निखिलने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत तीनदा वाचलेली वेबसाइट होती.

"तसं बघायला गेलं तर," तो हळूच म्हणाला, "आपण पाहुणे नाही. आपण इथे राहतोय. अंगण उघडं आहे. मास्क लावून, दीड मीटरवर..."

"दंड झाला तर?"

"झाला तर झाला. चल."

दहा वर्षांत मला हा माणूस इतका कधीच आवडला नव्हता.

रविवार, सॉस

सकाळी सहाला अंगणात गेलो तेव्हा नोनांनी सगळं मांडून ठेवलं होतं. तीन टेबलं, दीड मीटर अंतर लाकडी पळ्याने मोजून. धुवायला बाथटब, खरोखरचा न्हाणीघरातला जुना बाथटब, लिंबाखाली ठेवलेला. विजेवर चालणारं एक यंत्र, ज्याच्या एका तोंडातून रस येतो आणि दुसऱ्यातून साली. बिअरच्या शंभरेक जुन्या बाटल्या. आणि गॅसच्या मोठ्या शेगडीवर माणूस उभा राहील एवढं पत्र्याचं पिंप. बाटल्या भरायच्या, बुचं ठोकायची, पिंपात जुन्या पोत्यांच्या घड्या घालत रचायच्या आणि पाण्यात उकळायच्या. मग वर्षभर बघायला नको.

कामं वाटली गेली. पुरुषाने बुचं ठोकायची आणि पिंप सांभाळायचं, तीच पद्धत. निखिलने "मी क्वालिटी बघतो" वगैरे म्हणून बघितलं, पण नोनांनी त्याच्या हातात बुचांचं यंत्र दिलं. टोमॅटो निवडणं, चिरणं, रस काढणं, मीठ, तुळस, भरणं, हे बायकांचं. म्हणजे त्यांचं आणि माझं.

मी केस बांधले, हात धुतले आणि टबाशी गेले. तेवढ्यात नोना माझ्या जवळ, म्हणजे दीड मीटरवर, आल्या आणि कालव्यापलीकडच्या बागेत ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजल्या.

"तुझी पाळी चालू नाही ना?"

"काय?"

"पाळीतल्या बाईने हात लावला तर सॉस बिघडतो. बाटल्या फुटतात."

लहानपणी सांगलीला कैरीचं लोणचं घालायच्या दिवशी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हेच विचारायची. कावळा शिवलेला असला तर बरणीच काय, बरणी ठेवलेल्या खोलीतही जायचं नाही. लोणच्याला बुरशी येते म्हणे. मी पुढे मायक्रोबायॉलॉजी शिकले त्यामागे ती बुरशीही होती. तिला मी सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन बघितलं, तिच्यावर परीक्षा दिल्या, त्या विषयाची नोकरी मिळवली. व्हिसा काढला, समुद्र ओलांडला, नागरिकत्वाची शपथ घेतली. आणि आता बारा क्रेट टोमॅटोंपुढे उभी राहून पुन्हा तोच प्रश्न ऐकत होते. मला संताप आला. कलाब्रियाच्या आणि सांगलीच्या बायकांनी एकमेकींना कधी पाहिलंही नसेल, आणि नेमकं हेच दोन्हीकडे पाठ!

पण संताप काढायला वेळ नव्हता. खरं सांगितलं असतं तर मला फ्लॅटमध्ये बसवलं असतं. मग बारा क्रेटांसमोर उरले असते एकोणऐंशी वर्षांच्या नोना आणि बुचं ठोकणारा निखिल. सॉस झाला नसता. इस्टरच्या आधी घराचं बोलणं झालं असतं.

"नाही," मी म्हटलं.

ज्याने सेमूरला गाडी थांबवली होती तो निखिल एकदम लिंबाच्या झाडाचं बारकाईने निरीक्षण करू लागला.

त्यापुढचे सात तास मला तुकड्यातुकड्यांतच आठवतात. टबातल्या थंड पाण्यात लाल टोमॅटो हातांखालून सरकायचे. फुटका बाजूला, डागाळलेला कापून. नोना यंत्रात लोटायच्या, मी पातेलं सरकवायचे. निघालेल्या साली पुन्हा यंत्रात, कारण सालीत जीव राहतो, असं त्या म्हणायच्या. प्रत्येक बाटलीत तुळशीचं एक पान. कोणत्याही देशातून आलेली का असेना, तुळस ती तुळस, आणि मी पान खुडताना सवयीने मनातल्या मनात माफी मागत होते. कोपरांपर्यंत हात लाल झाले होते. मधूनमधून मी आत जाऊन यायचे आणि परत टबाशी लागायचे.

दहाला नोनांनी कॉफी दिली, छोट्या छोट्या कपांत, डांबरासारखी. उभ्यानेच पिऊन कप टेबलावर ठेवले. जेवण म्हणजे कालचा शिळा पाव, त्यावर पातेलीत गरम केलेला ताजा सॉस, तेल आणि ठेचलेली मिरची. हे शीटमध्ये नव्हतं. बोलोन्यात मला काय मिळालं असतं ते माहीत नाही, पण त्या पावासाठी मी पुन्हा ह्यूम हायवेवर गाडी घालेन. निखिल पिंपापाशी बसून खात होता आणि पहिल्यांदाच पास्त्याबद्दल काहीही बोलत नव्हता.

दोन वाजता शेवटची बाटली पिंपात गेली. गॅस पेटवला. पाणी उकळायला लागल्यावर तासभर तसंच ठेवायचं.

विसाव्या मिनिटाला पिंपातून आवाज आला. ठप्प.

नोनांनी छातीवर क्रॉस काढला. मला नीट माहीत होतं की बिअरची जुनी बाटली आहे, काचेला कुठेतरी तडा असणार, गरम पाण्यात गेली की फुटणारच. हे मी माझ्या लॅबमधल्या कोणालाही कागदावर काढून दाखवलं असतं. तरीही मी मनात एकदम सांगलीच्या बरणीपुढे उभी होते.

ठप्प.

दोन. नोना माझ्याकडे बघत होत्या, की पिंपाकडे, ते वाफेमुळे कळेना. मी निखिलकडे बघितलं. "तू बुचं घट्ट ठोकलीस ना?" मी मराठीत फिस्कारले.

"मी? आता माझ्यावर?"

"हळू बोल."

"तिला कुठे मराठी येतं? आणि मेघा, तू लॅबमध्ये काम करतेस. तू!"

मी पिंपाच्या जवळ जाऊन उभी राहिले. टोनीचं हसणं कानात होतं. देवाला मी सहसा त्रास देत नाही, पण तेव्हा मी गणपतीला म्हटलं, जे काही शिक्षा म्हणून करायचं ते मला कर, या बाईच्या बाटल्या फोडू नकोस. एक शास्त्रज्ञ म्हणून मला त्याची लाज वाटली, आणि मागणं मात्र मी मागे घेतलं नाही.

तिसरा आवाज आला नाही. तास झाला. गॅस बंद केला. झाकण सरकवून बघितलं तर पाण्याखाली थरावर थर, काळपट लाल, सगळ्या जागच्या जागी. दोन फुटल्या होत्या. नोना बोटांवर मुलांची घरं मोजत राहिल्या आणि मग पुरेल म्हणून त्यांनी मान डोलावली.

तेवढ्यात कमरेचा फोन वाजला. या वेळी व्हिडिओ. टोनी.

नोनांनी हातातला पळा उगारला आणि आम्हाला टाकीमागे जायची खूण केली. नियमाप्रमाणे त्या घरात पाहुणे नसायला हवे होते, पण एवढंच नव्हतं. आम्ही असणं म्हणजे नोनांना एकटीला न झेपणं. मी आणि निखिल, दोघेही नागरिकत्वाची शपथ घेतलेले, टाकीमागे कोंबड्यांच्या विष्ठेत गुडघे टेकून बसलो. लाल हात वर धरून.

"मा, किती टोमॅटो गेले?" टोनीचा आवाज.

"एकही नाही."

"म्हणजे?"

"हे बघ." नोना बहुतेक फोन फिरवत होत्या. पिंप, टब, रिकामे क्रेट.

"हे तू केलंस? एकटीने?"

"एकटीने."

"मा, टेबलावर तीन कप आहेत."

निखिलने माझा हात घट्ट धरला.

"तीन कॉफी प्यायले मी," नोना म्हणाल्या. "बारा क्रेट केलेत. तू केले असतेस तर सहा प्यायला असतास. आणि इथे माझ्या मागे कोण आहे भांडी धुणारं? सगळे एकदम धुईन."

टोनी हसला. या वेळी खरा हसला, आणि मग मला वाटतं तो रडलाही. "बरं, मा. घराचं नाव काढत नाही. माझ्या डझनभर बाटल्या बाजूला ठेव. आणि जरा बस. दम घे."

फोन बंद झाल्यावर आम्ही टाकीमागून बाहेर आलो. नोना लिंबाखालच्या खुर्चीत बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर, आणि मास्कच्या वरच्या कडेने डोळ्यांतलं पाणी उतरत होतं. "इथेच," त्या म्हणाल्या, आणि सिमेंटच्या अंगणावर पाय आपटून दाखवला. मला त्यांना मिठी मारायची होती, इतकी की हात पुढे गेले. मध्ये दीड मीटर होतं. आम्ही तिथेच उभे राहिलो, आणि निखिल नाक पुसत होता.

मला राहवलं नाही. एवढ्या मोठ्या खोट्यानंतर माझं छोटं खोटं बाळगणं जमेना.

"नोना, सकाळी मी खोटं बोलले."

"कोणतं?"

"पाळीचं. शुक्रवारपासून चालू आहे."

"माहीत आहे," नोना म्हणाल्या. "सकाळपासून पाच वेळा आत गेलीस, पाचही वेळा पर्स घेऊन."

"मग मला थांबवलं का नाहीत?"

त्यांनी मला वेड्यात काढल्यासारखं बघितलं. "माझ्या सासूच्या घरात आम्ही सहा बायका होतो. महिन्याच्या कुठल्याही दिवशी त्यातल्या दोघींची तरी असायचीच. सगळ्यांनी खरं सांगितलं असतं तर सॉस कोणी केला असता?"

"मग विचारता तरी कशाला?"

"विचारावं लागतं," नोना म्हणाल्या. "नाहीतर सॉस बिघडतो."